कागदाचं वाळवण

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज यायला लागतात. पहिला : मुलांच्या परीक्षा आहेत, कृपया ड्रिल मशीन लावू नये. दुसरा : गच्चीची चावी कोणाकडे आहे? पहिला बहुतेक पुरुष लिहितात, दुसरा बायका. चावी दर वर्षी भलत्याच घरात सापडते, आणि सापडली की मे संपेपर्यंत गच्ची बायकांची होते. सोलरच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्यांमधल्या मोकळ्या जागेत जुन्या साड्या अंथरल्या जातात, कोपऱ्यांवर विटा बसतात, आणि पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या ऊन खायला लागतात.

गेल्या वर्षीपासून त्या साड्यांच्या शेजारी माझी एक चटई असते. मी तिथे काही वाळवत नाही, पण आई लोकांना तसंच सांगते. कुणी विचारलं, "मनू कुठेय?" की म्हणते, "वर आहे. तिचं कागदाचं वाळवण चाललंय."

नवी मुंबईतल्या या ऋतूचं कुणी कौतुक करत नाही. आमच्या गच्चीवरून पामबीच रस्ता दिसतो, त्यापलीकडे खारफुटी, आणि ओहोटी असली की खाडीचा उघडा पडलेला राखाडी चिखल. त्या चिखलात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. वारा करावे गावाकडून आला तर सुकटीचा वास आणतो, आणि मग खालच्या रस्त्यावर फिरायला निघालेले लोक नाकाला रुमाल लावतात. रस्त्याकडेचा सोनमोहर पिवळा सडा घालतो, तो झाडणाऱ्यांना आवडत नाही. दुपारी सगळं कोरडं, कडक होतं. कागदसुद्धा. मला हा ऋतू आवडतो तो त्या कोरड्या कागदासाठी. पावसाळ्यात कागद नरम पडतो आणि त्यावर टोचलेली टिंबं बसतात. मार्च ते मे कागद ताठ असतो, टिंब उठलं की उठलेलं राहतं.

मी ब्रेल लिहिते. माझी दृष्टी चांगली आहे, चष्मासुद्धा नाही. शीतलला डोळ्यांनी दिसत नाही, आणि ती उदगीरला राहते, म्हणून मी ब्रेल लिहिते. आम्ही दोघी अजून एकदाही भेटलेलो नाही.

सुरुवात तक्रारीने झाली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एका संस्थेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. अंध वाचकांसाठी. काम माझ्या स्वभावाला साजेसं होतं : बंद खोली, एक माइक, समोर कुणी नाही. इंग्रजी पुस्तकं मी झरझर वाचत असे. एकदा मराठी वाचणारं कुणी आलं नाही म्हणून तिथल्या ताईंनी मला एक मराठी कादंबरी दिली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायची आणि शाळेत पास होण्यापुरती. कादंबरी मी वाचली. एक अक्षर चुकलं नाही, याचा मला अभिमान वाटला होता.

काही महिन्यांनी ताईंनी मला एक जाड, तपकिरी कागद दिला. त्यावर नुसते उंचवटे. "तुझ्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. "श्रोत्याची तक्रार आहे. वाचून दाखवू?"

सगळ्यांसमोर? मी "नको" म्हणाले आणि बाराखडीचा तक्ता मागून घेतला. कागद घरी आणला आणि एकेक अक्षर शोधत बसले. तेव्हा मला एक गंमत कळली. देवनागरीत मला जे जड जायचं ते इथे नव्हतंच. जोडाक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढत नव्हती, रांगेत उभी होती. वेलांटी अक्षराच्या पुढे पळत नव्हती, जिथे ऐकू येते तिथेच येत होती. आयुष्यात पहिल्यांदा मराठी माझ्यासाठी थांबत होती. कित्येक संध्याकाळी खर्ची घालून मी जे वाचलं ते असं होतं :

"तुम्ही स्पष्ट वाचता. पण गोष्टीतली बाई रडत असताना तुम्ही पाणीपट्टीची नोटीस वाचावी तसं वाचता. तुम्हाला गोष्ट आवडत नाही, की मराठी?"

एका बैठकीत वाचलं असतं तर मला राग आला असता. अक्षर अक्षर करत वाचल्यावर राग टिकत नाही. मी पाटी विकत घेतली. ब्रेलची पाटी म्हणजे बिजागरीची दोन पट्ट्यांची चौकट. मध्ये कागद अडकवायचा आणि लाकडी मुठीच्या बोथट टोचणीने खिडकीखिडकीत टिंबं टोचायची. मी उत्तर लिहिलं : "गोष्ट आवडते. मराठीची भीती वाटते." ताईंकडून पत्ता घेऊन पाकिटावर घातला आणि टाकलं.

शीतलचं उत्तर आलं : "तुमचं पत्र आरशात वाचायचं होतं हे कुणी सांगितलं नाही. आमच्या घरी आरसा आहे, पण माझं त्याच्याशी फारसं पटत नाही."

टोचलेलं अक्षर कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठतं, म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं असतं. मी डावीकडून उजवीकडे गेले होते. सगळं पत्र उलटं उठलं होतं, आणि तिने ते उलट्या बोटांनी वाचून काढलं होतं. त्या उत्तराचा मायना होता, "प्रिय नोटीसबाई". आजही तोच आहे.

लोक विचारतात की फोन का करत नाही. केला होता. पहिला आणि बहुधा शेवटचा. शीतल बोलत होती, मी हं हं करत होते. पुढच्या पत्रात तिने लिहिलं, "फोनवर तू मला दाराच्या फटीतून बघत होतीस. पत्रात निदान खुर्ची देतेस. आपण पत्रच लिहू."

मी माणसांना चटकन खुर्ची देत नाही, हे खरं आहे. लग्नकार्यात आत्या, मावश्या विचारतात, "एकोणसाठ म्हणजे किती गं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत हसून मोकळ्या होतात. म्हणून मी कमी बोलते आणि जास्त बघते. पण ब्रेलच्या पाकिटाची एक मजा आहे. त्याला टपालखर्च लागत नाही, अट एवढीच की पाकीट चिकटवायचं नाही. आत काय आहे ते कुणालाही बघता आलं पाहिजे. डायरीलासुद्धा कुलूप लावणारी मी माझी सगळी पत्रं उघडी पाठवते. वाटेत किती हातांतून जातात, आणि एकालाही वाचता येत नाहीत. पोस्टातल्या बाईंनी पहिल्यांदा पानं बाहेर काढून पुढून मागून बघितली होती. "यात लिहिलंय कुठे?" मी म्हटलं, "हात लावून बघा." त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, खारी बिस्किटासारखं लागतंय." आता त्या शिक्का मारताना जपून मारतात. शिक्का जिथे पडतो तिथली अक्षरं मरतात, म्हणून मीही तो कोपरा कोरा सोडते.

आम्ही पुस्तकांवर भांडतो. शीतल कानाला लावून दुप्पट वेगाने पुस्तकं ऐकते, महिन्यात माझ्या तिप्पट. तिची मतं ठाम असतात. "या लेखकाला पावसाचं वर्णन करायचं झालं की तो गोष्ट थांबवतो. तेवढ्यात मी चहा करून येते." एका फार नावाजलेल्या कादंबरीबद्दल : "नायिका एवढी गप्प का, हे लेखकालाही माहीत नाही. तू तरी माहीत असून गप्प असतेस." मी सुरुवातीला पत्रांतून रंग गाळायचे. ते तिच्या लक्षात आलं. तिने लिहिलं, "रंग लिही गं. मला गुलाबी माहीत नाही म्हणून तू पक्षी नुसते पक्षी करू नकोस. मी तुला आमच्या बाजारातल्या तुरीचा वास लिहिते, तुला तरी उदगीर कुठे माहिताय?" मग मी फ्लेमिंगोंवर एक पान टोचलं. गुलाबी म्हणजे काय ते लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मला तो रंग नुसता ओळखता येतो, सांगता येत नाही. शेवटी लिहिलं : ताप उतरल्यावर कपाळाला लागणाऱ्या वाऱ्यासारखा. तिचं उत्तर, "म्हणजे बरा रंग आहे."

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तिचं जे पत्र आलं त्यात मायना नव्हता. बी.एड. झाल्यावर ती गावातल्या शाळांत अर्ज करत होती. एका शाळेने फेब्रुवारीत अवांतर वाचनाचा तास घेऊन बघायला बोलावलं. तिने एका कानात इयरफोन घातला, फोन गोष्ट वाचत होता, आणि ऐकलेलं वाक्य ती मुलांना म्हणून दाखवत होती. मुलांना वाटलं बाई कुणाशी तरी फोनवर बोलतायत. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पलीकडं कोन हाय?" वर्ग हसला. मुख्याध्यापक सभ्य माणूस. म्हणाले, "मॅडम, पुस्तक हातात नसताना वाचनाचा तास कसा म्हणायचा?" आणि पुढे म्हणाले, जूनमध्ये शाळा उघडली की पंधरा दिवस पुन्हा येऊन बघा, मग ठरवू.

"त्यांचं चुकलं नाही," शीतलने लिहिलं होतं. "मी वाचत नव्हते. कुणीतरी वाचलेलं पोचवत होते. मला पुस्तक धरून मुलांसमोर उभं राहायचंय. शाळेच्या कपाटात मुखपृष्ठ फाटलेलं एक जुनं गोष्टींचं पुस्तक आहे, मुलांना ते आवडतं. मी स्वतः टोचलं असतं, पण समोर वाचून दाखवणारं माणूस लागतं. माझी बहीण पानामागे आईस्क्रीम मागते. छापून देणाऱ्या संस्थांकडे नंबर लागायला वेळ आहे. तू विचार कर. नाही म्हणालीस तरी पत्रं चालू राहतील."

मी विचार केला नाही. एका ओळीचं पत्र टोचलं : "पुस्तक पाठव."

ते पुस्तक आलं तेव्हा परीक्षांचे दिवस होते. मी ऑफिसहून आले की खोलीत बसून टोचायचे. देवनागरी ओळ वाचायची, मनात धरायची, उजवीकडून टोचत जायचं. टक, टक, टक. दोन दिवसांत ग्रुपवर मेसेज आला : "वरच्या मजल्यावरून सारखा टकटक आवाज येतोय. माझ्या मुलीची दहावी आहे. कोणाकडे सुतारकाम चालू आहे का?" लिहिणाऱ्या जाधव काकू, आमच्या बरोबर खालच्या. आईने मला फोन दाखवला. "जाऊन सांग त्यांना काय आहे ते."

मी गेले नाही. पाटी उचलून गच्चीवर गेले. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून, इतर दिवशी ऑफिसच्या आधी. वर बायकांचं वाळवण सुरू झालंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पुस्तकाकडे बघितलं. करावे गावातून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या हिरामावशी एकदा आईला शोधत टोपली दारात ठेवून वर आल्या. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"ही काय करतं गो? कागदाचा जाला इनतं काय?"

"तसंच काहीतरी," आई म्हणाली.

"दोरा तं दिसत नाय."

"दोरा नसतो त्याला."

"मंग मासोली कशी घावंल?" असं म्हणून त्या आईला घेऊन खाली गेल्या.

एप्रिल संपता संपता पुस्तक पूर्ण झालं. पानं ओळीने लावून मी कपाटावर ठेवली होती. उठलेल्या टिंबांमुळे तो गठ्ठा फुगून पोळ्यांच्या चळतीसारखा दिसायचा. माझे बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर्स सांभाळतात. सुट्या वस्तूंचा त्यांना त्रास होतो. त्यांनी मला न सांगता तो गठ्ठा उचलला, ओळखीच्या बाइंडरकडे नेला, आणि दोन दिवसांनी निळ्या कापडी पुठ्ठ्यात बांधून माझ्यासमोर ठेवला.

"पानं वाऱ्याने उडाली असती," बाबा म्हणाले. "चांगला जुना माणूस आहे. रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवलं त्याने. बघ, एकदम सपाट! फुगवटा म्हणून नाही."

मी पुस्तक उघडलं. पानावर बोट फिरवलं. भिंतीवर फिरवावं तसं लागलं. कुठे एखादं टिंब वाचलं होतं, तेही एकटंच.

"छान झालंय," मी म्हटलं.

मला रडू आलं नाही. कॅलेंडर बघितलं. पहिल्या वेळी जेवढा वेळ लागला होता तेवढा आता हातात नव्हता, कारण पाऊस लागायच्या आत पार्सल निघायला हवं होतं. मी शीतलला काही कळवलं नाही. कळवून तिने म्हणायचं काय होतं? सकाळी उठले, कोरा कागद पाटीत अडकवला आणि पहिल्या गोष्टीचं पहिलं वाक्य पुन्हा टोचायला घेतलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग टेबलावरच्या निळ्या पुस्तकाकडे. त्यांनी ते उघडलं, पानावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

संध्याकाळी दारात जुन्या कॅलेंडरांचा भारा. माझा जाड कागद संपत आलाय हे त्यांनी पाहिलं होतं, आणि जुन्या कॅलेंडरचा कागद टोचायला उत्तम, हे त्यांनी कुठून तरी विचारून आणलं होतं. इमारतीतल्या एकेका घराची बेल वाजवून त्यांनी ती गोळा केली होती. माझे बाबा, जे सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा शेवटच्या खुर्चीवर बसतात.

कागद आला, पण वेळ कुठून आणायचा? वाचायचं, लक्षात ठेवायचं, टोचायचं, यात अर्धा वेळ वाचण्यात जात होता. कुणी समोर बसून वाचलं असतं तर माझे हात थांबले नसते. आई पिठात आणि चुलीत गुंतलेली. म्हणजे मागायला हवं होतं. गच्चीवर आणि मोठ्याने. मी चटईवर बसून ते वाक्य मनात इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग पुन्हा मोडलं. शेवटी उभी राहिले तेव्हा जे निघालं ते असं :

"मला कुणीतरी गोष्ट वाचून दाखवता का?"

चार बायकांचे हात पापडांवर थांबले. पंचवीस वर्षांची घोडी गोष्ट मागत होती. मग मला सगळं सांगावं लागलं : शीतल, शाळा, जून, शिकंजा. इतकं सलग मराठी मी त्या इमारतीत कधी बोलले नव्हते. माझी वाक्यं मध्येच इंग्रजीत घसरत होती, मी ती ओढून परत आणत होते. कुणी हसलं नाही.

जाधव काकू हातावरचं पीठ झटकत म्हणाल्या, "म्हणजे ती टकटक तुझी होती? आणि मी तुमच्या शेजारच्या बिचाऱ्या पाटलांना नाही नाही ते बोलले!"

"सॉरी काकू."

"सॉरी काय करायचंय? प्राचीचे पेपर संपले. आण इकडे ते पुस्तक. चष्मा कुठेय माझा?"

मग गच्चीवर गोष्टी वाचल्या जाऊ लागल्या. काकू साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत. त्या वाचत, माझे हात चालत. ज्या दिवशी त्या नसत त्या दिवशी प्राची वाचे, नाटकी आवाज काढून. एकीकडे पापड फिरत, एकीकडे पानं. काकूंना गप्प बसून वाचता येत नसे. राजाने राणीला हाकललं की पुस्तक मांडीवर ठेवून म्हणत, "याला आधी दोन दिवस उपाशी ठेवला पाहिजे." म्हातारीने सुनेला माफ केलं की, "हे गोष्टीतच होतं." बाकीच्या बायका वाद घालत. मला थांबून थांबून कळायला लागलं की गोष्ट अशी वाचायची असते, अशी मध्ये मध्ये भांडत. शीतलची पहिली तक्रार मला तेव्हा खरी समजली. पाणीपट्टीच्या नोटिशीशी कुणी भांडत नाही.

हळूहळू असं झालं की कानावर पडलेलं वाक्य डोक्यात न शिरता थेट मनगटात उतरायला लागलं. त्या वेगाशिवाय ते पुस्तक झालं नसतं. तपासायला वेळ राहिला नाही. शेवटची पानं रचून मी गठ्ठा सैल दोऱ्याने बांधला, पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस भरून ठेवला, आणि बाबांनी खोक्यावर लाल शाईने लिहिलं, "दाबू नये". एकदा लिहून त्यांचं समाधान झालं नाही. सहाही बाजूंनी लिहिलं.

शीतलचं पत्र आलं तेव्हा जुलै अर्धा सरला होता. कागद ओलसर, टिंबं दबलेली. मी डोळे मिटून बोटांनी वाचलं, कारण अशा वेळी डोळे फसतात.

"प्रिय नोटीसबाई, पुस्तक धरून उभी राहिले. बहीण म्हणते, मुलांच्या बाजूने पुस्तकावर आधी गणपती दिसत होता, मग आंब्याची फोड, मग कुणाच्या तरी घरचा सिलिंडर संपल्याची तारीख. त्यामुळे पहिली पाच मिनिटं वर्ग गप्पच होता. मी विहिरीतल्या राक्षसाची गोष्ट घेतली. बोट चांगलं चालत होतं. मुख्याध्यापक मागे उभे होते. पाटलाची सून पाण्याला येते, घागर बुडवते, राक्षस काठावर चढून बसतो आणि गडगडाटी आवाजात म्हणतो, हे मी वाचलं. आवाजही काढला. मग पुढचं वाचलं : अहो वहिनी, तो पापड उलटा आधी, कडेनं तडकतोय!"

मी पत्र खाली ठेवलं. मला तो दिवस आठवला. जाधव काकू वाचत होत्या, आई शेवटच्या साडीपाशी पापड पसरत होती. काकूंनी मान वर करून आईला ओरडून सांगितलं होतं, आणि माझ्या मनगटाने ते राक्षसाच्या तोंडी घातलं होतं.

पत्र पुन्हा उचलायला धीर होईना. त्या पंधरा दिवसांवर तिची नोकरी होती. मुख्याध्यापक मागे उभे होते. फेब्रुवारीत वर्ग तिला हसला होता, आणि आता पुन्हा हसला असणार, या वेळी माझ्यामुळे. मग पुढची ओळ शोधली.

"मला कळलं की हे पुस्तकात नाही. पण माझ्या बोटाखाली होतं. मुलं हसून हसून पडली. याआधी हसली होती ती मला, आता हसली ती राक्षसाला. फरक आवाजात कळतो. मी थांबले नाही. एक पोरगी म्हणाली, बाई, राक्षसाला पापड येतेत? मी म्हटलं, येतेत की, ती वेगळी गोष्ट आहे, पुढं वाचू. तास संपल्यावर मुख्याध्यापक जवळ आले. त्यांनी पानावर हात ठेवला, बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाले, मॅडम, तुम्ही हे खरंच वाचत होता. मी म्हटलं, हो सर, म्हणून तर चूकसुद्धा वाचली. वर्षभराचे तास मिळाले आहेत. दोन वर्ग. पगार हसण्यासारखा आहे, तो मी हसून घेतला. आता पुढचं ऐक. दर शनिवारी पोरं विचारतात, पापडवाल्या राक्षसाची गोष्ट कधी? पाठव."

मी तेव्हा उत्तर दिलं की अशी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. दिवाळीआधी तिचं उत्तर आलं, "नाही म्हणजे? तू लिहिलेली नाहीस म्हणून नाही." मी तिला इतर गोष्टी पाठवत राहिले, काकूंकडून वाचून घेतलेल्या, घरात टोचलेल्या. ती त्या मुलांना वाचून दाखवते, आणि दर पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहिते : पोरं विचारतात.

मी कारणं देत आले. मी मराठी लिहिणारी नाही, मी नक्कल करणारी आहे. माझं मराठी बायकांच्या बोलण्यातून वेचलेलं, पत्रांतून शिकलेलं. पावसात कागद नरम असतो. थंडीत ऑफिसात काम असतं. आता मार्च आहे. कागद ताठ आहे, गच्चीची चावी या वर्षी आमच्याच घरात सापडली, आणि शाळेची परीक्षा होऊन ते वर्ग पुढे सरकायच्या आत शीतलला एक शनिवार हवा आहे. काल सकाळी मी बाबांनी जपून ठेवलेलं एक कॅलेंडर उसवलं, चटई अंथरली आणि पाटीत पान अडकवलं.

जाधव काकू चष्मा पुसत आल्या आणि शेजारी बसल्या. "आण पुस्तक. कुठून वाचू?"

"आज पुस्तक नाही, काकू."

"मग टोचणार काय?"

"गोष्ट."

"कुणाची?"

"माझीच. म्हणजे राक्षसाची आहे. त्याला पापड करता येतात."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "कसले? उडदाचे की पोह्याचे?"

याचा मी विचारच केला नव्हता. खाडीकडून वारा आला, कागदाचा कोपरा फडफडला, मी तो अंगठ्याखाली धरला.

"उडदाचे," मी म्हटलं, आणि उजव्या कडेपासून सुरुवात केली.